हेइआन शोदान : काताचा सराव कशासाठी आणि कसा करावा

कराटेच्या वर्गात काता हा बहुधा बेल्ट परीक्षेपुरता पाठ करण्याचा विषय ठरतो. वास्तविक काता म्हणजे प्रतिस्पर्धी समोर आहे असे कल्पून, ठरलेल्या क्रमाने केलेला बचाव आणि प्रहार यांचा सराव होय. त्यामुळे कोणती हालचाल कोणत्या हल्ल्याला उत्तर आहे हे ठाऊक नसेल, तर मागे उरते ती केवळ कवायत. शोतोकान या कराटेच्या शैलीत प्रथम शिकवला जाणारा हेइआन शोदान येथे उदाहरणासाठी घेऊ. ओकिनावाच्या इतोसू आन्को यांनी शाळकरी मुलांना शिकवण्यासाठी जे पिनान नावाचे पाच काता प्रचारात आणले, त्यांतील दुसरा तो हाच. शोतोकानचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी यांनी जपानात पहिल्या दोघांचा क्रम उलटवला आणि पिनान हे नावही बदलून हेइआन केले.

या कातात 21 हालचाली आहेत. प्रथम हात कमरेवर ठेवून केवळ पायांचा मार्ग पक्का करावा आणि सुरुवातीच्या जागी खडूने खूण करावी. झेनकुत्सु दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून घेतलेल्या लांब पवित्र्यात, दोन्ही पावले एका रेषेत आली की तोल जातो, म्हणून त्यांच्यात कमरेइतकी रुंदी राखावी. नवव्या आणि सतराव्या हालचालीनंतरची 270 अंशांची वळणे स्वतंत्रपणे घोटावीत. वळताना नजर आधी, पाऊल नंतर.

मग हातांकडे वळावे. ठोसा मारणाऱ्या हाताइतकेच लक्ष कमरेशी परतणाऱ्या हाताकडे, म्हणजे हिकितेकडे, द्यावे, कारण प्रतिस्पर्ध्याचा पकडलेला हात खेचण्याचे काम तोच करतो.

चौथी हालचाल तर जोडीदाराशिवाय समजतच नाही. जोडीदाराने सरळ लाथ मारावी, आपण उजव्या हाताने गेदान बाराई, म्हणजे हात खाली झटकून केलेला बचाव, करून ती अडवावी. त्याने लगेच तेच मनगट धरले, की पुढचा पाय मागे घेत, कोपर अंगाशी ओढून हात सोडवावा, वर्तुळाकार वर नेऊन मुठीच्या बुडाचा प्रहार करावा आणि डावा पाय पुढे टाकत ठोसा द्यावा. असे काही वेळा केल्यावर एकट्याने केलेल्या कातातही पाय मागे घेण्याचे कारण शरीराला उमगते, आणि ती हालचाल शोभेची राहत नाही. परीक्षेच्या घाईत नेमका हाच भाग वगळला जातो, हे मला अयोग्य वाटते.

वेग सर्वांत शेवटी वाढवावा. तिसऱ्या आगे उकेला (हात वर उचलून केलेल्या बचावाला) आणि सलग तीन ठोशांपैकी शेवटच्या ठोशाला कियाई, म्हणजे जोरदार आरोळी, द्यावी. अखेरच्या चार शुतो उकेंमध्ये, म्हणजे उघड्या हाताच्या कडेने केलेल्या बचावांमध्ये, पवित्रा बदलून कोकुत्सु दाची होतो; तेथे सुमारे 70 टक्के भार मागच्या पायावर हवा. काता संपल्यावर आपण खडूच्या खुणेपासून दूर असलो, तर एखादे पाऊल आखूड पडले आहे किंवा एखादे वळण अपुरे झाले आहे असे समजावे, आणि पूर्ण काता पुन्हा करण्याऐवजी तेवढाच तुकडा सावकाश करून पाहावा.