विश्वास डळमळतो तेव्हा या चुका टाळा

ख्रिस्ती विश्वासाबद्दल शंका आली की बहुतेक जण एकाच वाटेने जातात. आधी ती लपवतात, मग झटपट उतारा शोधतात आणि तो लागू पडला नाही की उपासनेला येणंच सोडून देतात. निम्मं नुकसान या पहिल्या पायरीवरच होतं.

शंका लपवली जाते त्याला मंडळीही, म्हणजे आपला चर्चचा समुदायही, जबाबदार असतो. तरुण संघात एखादा मुलगा धीर करून विचारतो, "आईसाठी सगळ्यांनी एवढी प्रार्थना केली, मग ती का गेली?" उत्तर येतं, "कुठेतरी विश्वास कमी पडला असेल." मुलगा गप्प बसतो आणि पुन्हा कधी विचारत नाही. हे उत्तर क्रूर आहे, आणि पवित्र शास्त्राला धरूनही नाही. यहूदाच्या पत्रातलं २२वं वचन संशयात असलेल्यांवर दया करायला सांगतं. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने तर तुरुंगातून निरोप पाठवून थेट येशूलाच विचारलं, की येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? मत्तयाचा ११वा अध्याय काढून बघा. येशू त्याला रागावत नाही. जे पाहता नि ऐकता ते त्याला जाऊन सांगा, म्हणतो. आणि निरोप आणणारे वळताच लोकांपुढे योहानाची थोरवी सांगतो.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्या घरातलं आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्रैक्याचा सिद्धान्त (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), चर्चचा अधिकार यांवर त्यांचे प्रश्न थांबले तर नाहीतच, उलट वाढले. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यात अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील मात्र मुद्द्याला मुद्दा देत पत्रं लिहीत राहिल्या. पुढे रमाबाईंनी स्वतःच लिहिलं, की आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. असं छापून सांगणाऱ्या याच बाईने केडगावला मुक्ती सदन उभं केलं आणि हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं. प्रश्न विचारणारा विश्वासातून गेलाच, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही पत्रं वाचावीत.

म्हणून वही करा. एका पानावर एकच शंका, पूर्ण वाक्यात. "सगळंच खोटं वाटतं" असं लिहू नका, त्याला कुणी उत्तर देऊ शकत नाही. "चार शुभवर्तमानांत पुनरुत्थानाच्या सकाळचे तपशील वेगळे का?" हे लिहिलंत, तर येशूच्या या चार चरित्रांतले चारही भाग शेजारी ठेवून वाचता येतात. मग पानाच्या कोपऱ्यात लिहा, की ही शंका माहितीची, दुःखाची, की मंडळीतल्या कुणाच्या वागण्यातून आलेली. माहितीच्या शंकेला पुस्तक आणि जाणकार माणूस लागतो. दुःखाच्या शंकेला युक्तिवाद देऊ नये, सोबत द्यावी. आणि कुणी फसवलं, छळलं असेल तर तो अन्याय आहे. त्याला "विश्वासाची परीक्षा" म्हणून झाकू नका. बोलायला माणूस निवडताना एकच गोष्ट बघा: "मला माहीत नाही" असं त्याला म्हणता येतं का?

दुसरी मोठी चूक म्हणजे संदर्भातून तोडलेलं बायबलचं वचन. ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेत नव्या वर्षासाठी वचनाचं कार्ड हाती येतं आणि त्यावर बऱ्याचदा यिर्मया २९:११ असतं: देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. ते कार्ड नोकरीच्या अर्जावर, व्हिसावर, लग्नाच्या बोलणीवर लावलं जातं. जूनपर्यंत काही झालं नाही की "देवाने शब्द पाळला नाही" ही शंका सुरू. खरं तर हे वचन बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या अगदी वरचं, १०वं वचन सत्तर वर्षांची मुदत सांगतं. ५व्या-६व्यात घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा असं आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या कित्येकांना परतीची वाट दिसणारच नव्हती, आणि तरी वचन खरं होतं. देवाने न दिलेला शब्द आपणच त्याच्या तोंडी घालायचा आणि मग तो मोडला म्हणून रुसायचं, हे थांबवा. कार्ड घ्या, पण त्याच रात्री तो अख्खा अध्याय वाचा. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट ठेवायचं, हा प्रकारही सोडा. गिदोनाने लोकर ठेवून देवाकडे खूण मागितली, त्याचा दाखला देऊ नका. काय करायचं ते देवाने त्याला आधीच सांगितलं होतं.

थकलेल्या माणसाला उपास सांगू नका. १ राजे १९मध्ये एलीया संदेष्टा मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, मग आणखी खायला देतो. होरेब डोंगरावरचं देवाचं बोलणं त्यानंतरचं. दोन आठवडे झोप, भूक, कामातला रस गेलेला असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा. जीव द्यायचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी; त्या माणसाला एकटं सोडू नका. "माझ्याकडून पवित्र आत्म्याविरुद्ध पाप, म्हणजे क्षमा न होणारं पाप, घडलं का?" हे कुणी दिवसातून दहादा विचारत असेल, तर तो बहुधा मनाचा आजार असतो. दर वेळी "नाही रे" म्हणून समजूत घातली की तो वाढतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

रात्री एक वाजता वादविवादांचे व्हिडिओ पाहू नका, कुठल्याच बाजूचे.

विश्वास नव्याने जागवायच्या उज्जीवन सभेत अंगावर आलेला काटा म्हणजे विश्वास नव्हे, आणि तो ओसरला म्हणजे विश्वास गेला असंही नाही.

वाचायचं काय? मार्काचं शुभवर्तमान, १६ अध्याय, रोज अर्धा. महिनाभरात होतं. अधीर लोक पहिल्याच रविवारी प्रकटीकरण, म्हणजे बायबलचं गूढ प्रतीकांनी भरलेलं शेवटचं पुस्तक, उघडतात, नको. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर १३वं किंवा ८८वं स्तोत्र मोठ्याने म्हणा. ८८वं शेवटपर्यंत तक्रारच करतं, तरी ते स्तोत्रसंहितेत आहे.

आणि जागा सोडू नका. पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांना भेटला, त्या पहिल्या भेटीला थोमा नव्हता, त्याने विश्वासही ठेवला नाही, पण आठ दिवसांनी तो त्याच शिष्यांबरोबर घरात होता. उपासनेत सगळे मिळून म्हणतात ती श्रद्धेची कबुली, प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणवत नसेल, तर सगळ्यांबरोबर उभे राहा आणि ऐका. प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) घ्यावं की नाही हे पाळकांना आधीच्या आठवड्यात, निवांत वेळ मागून विचारा. उपासना सुटल्यावर दारातल्या गर्दीत नाही.