पत्रिका-फ्लेक्सच्या कामाला कॉम्प्युटर घेताना

डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची मांडणी) शिकायला येणारी पोरं आधी ग्राफिक्स कार्डाचं विचारतात. ते राहू द्या, आधी मॉनिटर ठरवा. आयपीएस पॅनल (बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारा पडदा) आणि जवळपास १०० टक्के एसआरजीबी (पडदा किती रंग दाखवतो याचं एक माप), एवढं बघाच. स्वस्त लॅपटॉपवर ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असतं, म्हणजे पडदा कमी रंग दाखवतो; त्यावर हळदीचा पिवळा फिका दिसतो, मग आपण तो वाढवत बसतो आणि छापून येतो भडक. गिऱ्हाईक काय, पत्रिका तोंडावर मारतं.

मग रॅम. १६ जीबी, तीही ८-८ च्या दोन पट्ट्या. दोन्ही मिळून वेगात चालतात. लॅपटॉप असेल तर रॅम बोर्डालाच चिकटवलेली नाही ना, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा, नाहीतर पुढे वाढवता येत नाही. विंडोज आणि सॉफ्टवेअर ५१२ जीबीच्या एनव्हीएमई एसएसडीवर (वेगवान साठवण), जुनी कामं साध्या हार्डडिस्कवर. कोरलड्रॉ, फोटोशॉप या डिझाइनच्या सॉफ्टवेअरपुरतं आय५ किंवा रायझन ५ प्रोसेसर भरपूर झाला. व्हिडिओ, थ्रीडी करणार असाल तरच वेगळं ग्राफिक्स कार्ड.

मॅक? दिसतो झकास. पण जुन्या फाइली श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि फॉन्ट) असतील तर त्या तिथे उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि यूपीएस हवाच.