चिपमध्ये एन्झाइम टेस्ट करताय? आधी नळीचा हिशोब करा

बीड्सवर (बारीक मण्यांवर) एन्झाइम बसवलं, बीड्स चिपमध्ये (बारीक वाटा कोरलेल्या छोट्या पट्टीत) भरले, पंप चालू केला की पहिल्याच थेंबाचं रीडिंग घ्यायची घाई होते. जरा थांबा. समजा बीड्सचा थर १० मायक्रोलिटरचा आहे, त्यातली मोकळी जागा साधारण ४०% म्हणजे ४ मायक्रोलिटर, फ्लो मिनिटाला २ मायक्रोलिटर, म्हणजे सबस्ट्रेट (एन्झाइम ज्याच्यावर काम करतं तो पदार्थ) एन्झाइमजवळ जेमतेम २ मिनिटं असतो. पण पुढे पाव मिलिमीटर आतल्या व्यासाची २० सेंटिमीटर नळी लावली असेल तर तिच्यातच जवळपास १० मायक्रोलिटर मावतं! म्हणजे पहिली ५ मिनिटं तुम्ही नळीतलं जुनं बफरच (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) गोळा करत बसता. नळी आखूड ठेवा, आणि लागोपाठची दोन-तीन रीडिंग जुळेपर्यंत वहीत काही लिहू नका.

बीड्स बफरमध्ये कालवूनच भरा, आणि बफर आधी डिगॅस करा (त्यात विरघळलेली हवा काढून टाका), नाहीतर एखादा बुडबुडा मध्येच अडकतो, पाणी त्याला वळसा घालून जातं आणि अर्धे बीड्स नुसते बसून राहतात.

एन्झाइम लायपेज (चरबी तोडणारं) असेल तर पी-नायट्रोफिनाइल ब्युटिरेट सबस्ट्रेट म्हणून सोपं पडतं, तुटलं की नायट्रोफिनॉल सुटून पिवळं होतं, ४०५ नॅनोमीटरला मोजायचं. पीएच ८ च्या आसपास ठेवा, ७ ला निम्म्याहून जास्त नायट्रोफिनॉल रंगच दाखवत नाही. शिवाय हा सबस्ट्रेट पाण्यात आपोआपही थोडा तुटतो, त्यामुळे एन्झाइम नसलेल्या बीड्सची दुसरी, म्हणजे ब्लँक, चिप सोबत चालवायचीच, ही कंटाळा करायची जागा नाही.

टिकाऊपणा बघताना सगळ्यात जास्त फसायला होतं ते १००% कन्व्हर्जनला, म्हणजे सगळा सबस्ट्रेट तुटतो तेव्हा. एन्झाइम गरजेपेक्षा जास्त असेल तर त्यातलं निम्मं मेलं तरी आकडा १०० च राहू शकतो आणि आपण खूश! फ्लो वाढवून कन्व्हर्जन मुद्दाम खाली आणा, मग घसरण दिसते. घसरण दिसली तरी एन्झाइम मेलं की बीड्सवरून सुटून वाहून गेलं हे कळायला बाहेर आलेलं पाणी तसंच ठेवून १०-१५ मिनिटांनी परत मोजा, ब्लँक चिपच्या पाण्यापेक्षा पिवळेपणा जास्त वाढत असेल तर एन्झाइम सुटतंय, बीड्सची केमिस्ट्री बदला.