एकच झाड, वर्षभराचे सूर्यास्त

गंगापूर धरणाकडे किंवा पांडवलेणीच्या बाजूला एखादं झाड हेरून सूर्यास्ताच्या वेळी त्याचेच वर्षभर फोटो काढायचे असतील तर आधी हे बघा, सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही, नाशिकला जून ते डिसेंबर तो क्षितिजावर जवळजवळ 50 अंश डावीकडे सरकतो (हात लांब करून मूठ धरली की साधारण 10 अंश, म्हणजे पाच मुठी!) त्यामुळे सूर्य फांद्यांमागेच हवा असेल तर उभं राहायची जागा दर महिन्याला बदलावी लागते. वेळ पण, जूनअखेर सव्वासात, डिसेंबरात सहाच्या आसपास.

फेब्रुवारी-मार्चमधे पळस, काटेसावर बिनपानांचे असतात, सिल्हूट (उजळ आकाशासमोर झाडाची काळी आकृती) एक नंबर येतं. मे महिन्यातला बहावा मात्र सूर्यासमोर धरू नका, सगळा पिवळा रंग काळा पडतो, ऊन पाठीशी घ्या. मोबाईलवर आकाशावर बोट दाबून धरा, लॉक झालं की ब्राइटनेस जरा खाली ओढा, ऑटोवर सोडलं की केशरी रंग धुतल्यासारखा फिका येतो. आणि सूर्य बुडाला की लगेच गाडी काढायची घाई नको, ढग असतील तर खरा रंग पुढच्या 15-20 मिनिटांत चढतो, पावसाळ्यात उघडीप मिळाली तर विचारूच नका.