द्राक्षाच्या खोक्यातून बनवा ॲडलबर्ट एम्सची फसवी खिडकी

यंदा विज्ञान प्रदर्शनाला काय करू असं तुमचं मूल विचारत असेल तर ज्वालामुखी आणि ठिबक सिंचनाचं मॉडेल जरा बाजूला ठेवा आणि ही खिडकी बनवा. खर्च फारसा नाही, पुठ्ठा तर नाशिकमधे फुकट मिळतो, आणि बघणारा माणूस स्टॉलवरून हलत नाही. खिडकी गोल गोल फिरत असते, पण समोरच्याला ती फिरताना दिसतच नाही, दाराच्या पल्ल्यासारखी इकडून तिकडे झुलताना दिसते. खरं काय ते सांगितलं तरीही झुलतानाच दिसते, आणि मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं.

आधी माणूस कोण होता ते बघू, कारण मुलांना हे विचारतातच. ॲडलबर्ट एम्स ज्युनिअर, जन्म १८८०, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं लोवेल गाव. हार्वर्डला कायदा शिकला, थोडी वकिली केली आणि मग ती सोडून चित्रं काढायला लागला. चित्र काढताना त्याला प्रश्न पडला की डोळ्यात नक्की काय उमटतं आणि आपल्याला त्यातलं काय दिसतं, मग बहीण ब्लँचला सोबत घेऊन त्याने रंगांवर काम केलं, पण तेवढ्याने समाधान होईना म्हणून हा गडी क्लार्क विद्यापीठात जाऊन डोळ्याचं शास्त्रच शिकला. पुढे डार्टमथ कॉलेजला राहून त्याने ॲनिसायकोनियावर मोठं काम केलं, म्हणजे दोन डोळ्यांना एकाच वस्तूचे लहानमोठे आकार दिसणं, आणि त्यासाठी खास चष्म्याच्या काचा पण तयार केल्या. त्यानंतर त्याने बघण्याचं मानसशास्त्र समजवणारी एकेक उपकरणं बांधली. त्याची ती वाकडी खोली तुम्ही फोटोत पाहिली असेल, एका कोपऱ्यात माणूस बुटका आणि दुसऱ्या कोपऱ्यात राक्षस दिसतो ती. फिरत्या खिडकीवरचं त्याचं लिखाण १९५१ ला आलं आणि १९५५ ला तो गेला.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की डोळ्यात उमटलेली प्रतिमा एकच असली तरी ती बाहेरच्या कितीतरी वेगवेगळ्या वस्तूंची असू शकते, मेंदू मागच्या अनुभवावरून अंदाज बांधतो आणि तो अंदाजच आपण बघतो.

आता कामाला लागू. द्राक्षाच्या सीझननंतर फळवाल्यांकडे खोक्यांचा ढीग पडलेला असतो, त्यातली जाड आणि कोरडी दोन झाकणं मागून आणा. ३० बाय ३० सेंमीचा सपाट तुकडा निघाला पाहिजे, घडी किंवा भोकं असलेला भाग नको. एक तुकडा कितीही जाड असला तरी वाकतो, म्हणून दोन तुकडे फेविकॉलने चिकटवायचे, पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या एकात उभ्या आणि दुसऱ्यात आडव्या येतील असे. पण चिकटवायच्या आधी आखणी आणि कापणी, थांबा जरा.

आखणी नीट करा, सगळी गंमत यातच आहे. कागदावर मधोमध ३० सेंमीची आडवी रेघ मारा. डाव्या टोकाला १५ सेंमी वर आणि १५ खाली, म्हणजे ३० ची उभी बाजू, उजव्या टोकाला १० वर आणि १० खाली, म्हणजे २० ची. वरची टोकं जोडा, खालची जोडा, झाला समलंब चौकोन. आता समोरासमोरचे कोपरे जोडून फुली मारा. ही फुली लांब बाजूपासून बरोबर १८ सेंमीवर यायला हवी, नाही आली तर कुठेतरी माप चुकलंय. फुलीतून उभी रेघ मारा, खिडकीचे दोन भाग झाले, आणि प्रत्येक भागात परत फुली मारून परत उभी रेघ. अशा रेघा लांब बाजूपासून १०, १८ आणि साधारण २४.५ सेंमीवर येतात, म्हणजे कप्प्यांची रुंदी १०, ८, ६.५ आणि ५.५. मुलं हमखास पट्टीने चार समान भाग करायला जातात, तसं करू देऊ नका. कप्पे छोट्या बाजूकडे आक्रसत गेले तरच मेंदूला वाटतं की ही साधी आयताकृती खिडकी आहे आणि तिरकी उभी आहे.

बाहेरची चौकट लांब बाजूला ३ सेंमी रुंद आणि छोट्या बाजूला २, मधल्या पट्ट्या, म्हणजे तीन उभ्या आणि मधल्या आडव्या रेघेवरची एक, दीड सेंमीपासून एक सेंमीपर्यंत निमुळत्या. मग ही आखणी दोन्ही पुठ्ठ्यांवर उतरवून पेपर कटरने कप्पे कापायचे, हे काम मोठ्यांनी करावं. कापताना प्रत्येक कप्प्याच्या छोट्या बाजूकडची अर्धा सेंमी पट्टी तशीच ठेवायची, शिवाय वरच्या कप्प्यांना वरून आणि खालच्यांना खालून. या पट्ट्या नंतर काळपट राखाडी रंगवायच्या, म्हणजे लाकडाची जाडी दिसल्यासारखं वाटतं, जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना आत जाडजूड लाकूड दिसतं ना तसं. बाकी चौकट फिकट राखाडी. दोन्ही बाजूंनी हुबेहूब सारखंच रंगवा आणि रंग बिनचमकीचा घ्या, ऑइलपेंट चमकला की फिरणं लगेच उघडं पडतं.

दोन्ही तुकडे चिकटवताना १८ सेंमीवरच्या मधल्या उभ्या पट्टीत सायकलच्या चाकाची एक तार घाला, खालून चार-पाच सेंमी बाहेर राहील अशी, आणि रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा. खिडकी लांब बाजूला जड होऊन कलते, तर छोट्या बाजूच्या कडेला पुठ्ठ्याच्या आडव्या नळ्या उघड्या दिसतील त्यात बारीक खिळे सरकवत जा, सरळ उभी राहीपर्यंत.

मोटर हळू हवी, मिनिटाला तीन ते सहा फेरे बस. नाशिकमधे शालिमार, एमजी रोडकडे इलेक्ट्रिकच्या दुकानांत कूलरची स्विंग मोटर विचारा, ती साधारण याच स्पीडची असते, पण २३० व्होल्टवर चालते म्हणून वायरिंग जाणत्या माणसाकडूनच करून घ्या आणि मोटर बंद डब्यात ठेवा. लहान मुलांसाठी १२ व्होल्टची कमी फेऱ्यांची गिअर मोटर बरी, अडॅप्टरवर चालते आणि शॉकची भीती नाही. तार आणि मोटरचा दांडा पेनाच्या रिकाम्या नळीत घालून एम-सीलने पक्कं करा, झालं.

मांडताना मागे साधा एकरंगी पडदा आणि समोर दोन्ही बाजूंनी सारखा उजेड, सावली पडता कामा नये. बघणाऱ्याला ३-४ मीटर लांब उभं करा आणि एक डोळा झाकायला सांगा. जवळून होत नाही त्याचं कारण गणितात आहे, आपल्या मापाच्या खिडकीत साधारण पाऊण मीटरपेक्षा लांबून बघितलं तरच लांब बाजू मागे गेली तरी डोळ्यात छोटीपेक्षा मोठी उमटते, आणि मोठं ते जवळचं असं मेंदू धरून चालतो, त्यामुळे लांब बाजू मागे जातच नाही, फक्त झुलते. शिवाय जवळून बघताना कुठली बाजू पुढे आणि कुठली मागे हे दोन्ही डोळे मिळून पटकन पकडतात. मोबाईलच्या एका लेन्सने व्हिडिओ काढलात तर तो नेहमीच्या स्क्रीनवर दोन्ही डोळ्यांनी बघितला तरी फसवतो, ज्या आजी-आजोबांना प्रदर्शनाला येता येत नाही त्यांना पाठवा.

आता खरी मजा. एका कप्प्यातून एक पेन्सिल आरपार घालून टेपने चिकटवा. खिडकी झुलताना दिसते पण पेन्सिल मात्र गोल फिरताना दिसते, आणि एका क्षणी ती लाकडातून आरपार गेल्यासारखी वाटते, काही जणांना तर ती वाकल्यासारखी दिसते. छोट्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यावर काडेपेटीएवढा पुठ्ठ्याचा ठोकळा चिकटवला तर तो खिडकी सोडून हवेत निघाल्यासारखा वाटतो. या दोन्ही करामती एम्सच्याच. मी तर सांगेन की त्याच तारेवर खाली साध्या आयताचा एक छोटा तुकडा पण लावा, एकच तार, एकच मोटर, खालचा फिरतोय आणि वरची झुलतेय, मग मोटरमधे काही चलाखी आहे असं कोणी म्हणू शकत नाही.

स्टॉलवर मुलाने आधी काहीच सांगू नये, फक्त विचारावं, काय दिसतंय? उत्तर मिळालं की माणसाला बाजूला नेऊन वरून दाखवावं, आणि परत जागेवर उभं करून परत विचारावं.

परीक्षक विचारतील की मेंदूला ही सवय लागते कुठून. इथे एक भारी गोष्ट सांगता येते. १९५७ ला ऑलपोर्ट आणि पेटिग्रू या दोन मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास आला, त्यांनी ही खिडकी दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू मुलांना दाखवली होती. खेड्यातली मुलं गोल झोपड्यांत वाढलेली, काटकोनी खिडक्या फारशा न पाहिलेली. लांबून आणि एका डोळ्याने बघताना त्यांच्यातल्याही बहुतेकांना झुलतानाच दिसली, पण जवळून आणि दोन्ही डोळ्यांनी बघताना खेड्यातली मुलं शहरातल्यांपेक्षा कमी फसली. म्हणजे सवयीचा वाटा आहे, पण सगळं काही सवय नाही, आणि मुलाने हे दोन्ही सांगावं, अर्धंच सांगू नये.

तुमच्याही स्टॉलवर कोणीतरी म्हणेलच की मला तर सरळ फिरतानाच दिसतेय. त्याला चूक म्हणू नका. एक डोळा झाकून चार पावलं मागे जायला सांगा, कितव्या पावलाला खिडकी झुलायला लागली ते वहीत लिहा, आणि एक डोळा आणि दोन डोळे असे वेगळे रकाने करा. दिवसभराचा तो तक्ता दुसऱ्या दिवशी खिडकीशेजारी लावायचा, परीक्षकांना सगळ्यात आधी तोच दाखवा.