आवाजाचा स्लायडर घरीच बनवताना

मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करणं हे माझं काम. एक जण पुटपुटतो, दुसरा माइकच गिळतो. दर दोन मिनिटांनी माउस शोधून आवाज वर-खाली करायचा वैताग आला, तेव्हा हा स्लायडर बनवला.

बोर्ड घेतला प्रो मायक्रो, म्हणजे प्रोग्रॅम चढवता येणारा आर्डुइनो पद्धतीचा छोटा सर्किट बोर्ड. त्यातली एटीमेगा३२यू४ चिप यूएसबीवरून थेट कीबोर्डसारखी वागते, वेगळं काही लागत नाही. सोबत १० किलोओहमचा स्लाइड पॉट (पोटेन्शिओमीटर, दांडी सरकवली की ज्याचा रोध बदलतो), तीन वायरी आणि डेटावाली केबल. नुसत्या चार्जिंगच्या केबलने बोर्डचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला त्याचा पत्ताही नसतो.

पॉटवर बहुधा बी१०के छापलेलं असतं. बी म्हणजे सरळ प्रमाणात वाढणारा. तोच घ्या. छापील अक्षरावर विसंबायचं नसेल तर दांडी मधोमध ठेवून मल्टीमीटरने मधली पिन (दांडीबरोबर सरकणाऱ्या संपर्काची) आणि एका टोकाची पिन यांतला रोध मोजा, ५ किलोओहमच्या आसपास यायला हवं.

पण आधी मधली पिन कोणती ते तर कळू दे! फिरत्या पॉटमध्ये ती खरंच मध्ये असते, स्लायडरमध्ये कुठेही असू शकते. मी अंदाजाने जोडली आणि दांडी एका टोकाला नेताच यूएसबी पोर्टच बंद पडला: पाच व्होल्ट थेट ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या वायरीला, भिडले होते. तेव्हा मल्टीमीटर लावून दोन-दोन पिना तपासा. दांडी सरकवूनही ज्या जोडीचा आकडा हलत नाही, ती दोन टोकं. उरली ती मधली.

एक टोक बोर्डाच्या व्हीसीसीला (वीज देणारी पिन), दुसरं ग्राउंडला, मधली ए० ला (व्होल्टेज वाचणारी पिन). बोर्ड ३.३ व्होल्टवर चालणारा असेल तर टोकाला ५ व्होल्ट देऊ नका, पिन जळेल.

आता प्रोग्रॅम. लगेच आवाजाला हात घालू नका, आधी सीरियल मॉनिटरवर (बोर्ड पाठवतो ते दाखवणारी आर्डुइनो सॉफ्टवेअरमधली खिडकी) ए० वर वाचलेला नुसता आकडा बघा. ० ते १०२३ असा सरकायला हवा. हात न लावताही तो ५११, ५१३, ५१२ असा थरथरतो. हीच खरी डोकेदुखी: आकडा आवाजाच्या दोन पायऱ्यांच्या सीमेवर असला की पडद्यावरची आवाजाची पट्टी लुकलुकत राहते. म्हणून शेवटचा मानलेला आकडा लक्षात ठेवा आणि नवा त्यापासून किमान ८ ने लांब गेला तरच माना. मात्र ८ च्या खालचं सगळं ० आणि १०१५ च्या वरचं सगळं १०२३ धरा, नाहीतर टोकाला आवाज पूर्ण बंद किंवा पूर्ण मोठा होईलच असं नाही. मधली पिन आणि ग्राउंड यांत ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावलात तर थरथर आणखी कमी होते.

आवाज बदलायला एचआयडी-प्रोजेक्ट लायब्ररी (बोर्डाकडून कीबोर्डच्या आवाजाच्या बटणांचे दाब पाठवणारा तयार कोड) वापरा. यातली मेख अशी की बोर्डाला फक्त 'वाढव' आणि 'कमी कर' एवढंच सांगता येतं, 'चाळीसवर ठेव' असं नाही. विंडोजमध्ये एका दाबात १०० पैकी २ चा फरक पडतो, म्हणजे एकूण ५० पायऱ्या. म्हणून बोर्ड सुरू झाला की ५० वेळा 'कमी कर' पाठवून शून्यावर आणा, मग दांडी जिथे असेल तितक्या पायऱ्या चढा. त्याआधी तीन सेकंद थांबायला लावा. प्रोग्रॅम चुकून सतत दाब पाठवत बसला तर दुरुस्त प्रोग्रॅम चढवायला तेवढी सवड कामी येते. तरीही अडलं तर आरएसटी (रीसेट) पिन ग्राउंडला पटकन दोनदा टेकवा, नवा प्रोग्रॅम चढवायला आठ सेकंद मिळतात.

दांडी वर नेल्यावर आवाज कमी होत असेल तर टोकाच्या दोन वायरींची अदलाबदल करा.