इंग्रजीचा सराव भरपूर, मार्क तेवढेच : या चुका टाळा

वर्कबुक शेवटच्या पानापर्यंत भरलेलं, गाळलेल्या जागांपुढे बरोबरच्या खुणा, शब्दार्थांच्या वह्या संपलेल्या, आणि चाचणीत इंग्रजीला पुन्हा तेच काठावरचे गुण. मराठी माध्यमाच्या घरांत ही तक्रार जुनी आहे, सेमीच्या घरांतही ती आता ऐकू येते. राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे दहावीला बसणारं मूल 10 वर्षं ही भाषा शिकलेलं असतं. तरीही अनोळखी उतारा समोर आला की हात थांबतो आणि मग घरात आणखी एक वर्कबुक येतं.

ते आणण्याआधी एवढंच तपासा : सराव करताना मुलाला उत्तर मिळतं कुठून? समोरच्या वाक्यातून, की धड्याच्या शीर्षकातून, गाइडमधून, पेन्सिलीने लिहिलेल्या उच्चारातून? बहुतेक वेळा वाक्य न वाचताच उत्तर हाती लागलेलं असतं. खालच्या चुका वेगवेगळ्या दिसतात, पण त्यांची पाळंमुळं इथेच आहेत.

शीर्षक बघून काळ भरणं

पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत 'सिंपल पास्ट' आणि खाली वीस वाक्यं. पहिल्या दोन वाक्यांनंतर मूल वाक्य वाचतच नाही. कंसातलं क्रियापद घ्यायचं, दुसरं रूप लिहायचं, पुढे जायचं. वीसपैकी वीस! पुढच्या पानावर 'प्रेझेंट परफेक्ट', तिथेही वीसपैकी वीस. परीक्षेत मात्र वाक्यांच्या डोक्यावर काळाचं नाव नसतं. कोणता काळ लावायचा हे ठरवणं हाच खरा प्रश्न असतो आणि त्याचा सराव एकदाही झालेला नसतो.

उपाय सोपा आहे. चार वेगवेगळ्या पानांवरची तीन-तीन वाक्यं एका कागदावर उलटसुलट उतरवून द्या. पहिल्यांदा गुण धपकन खाली येतील, त्याने घाबरू नका. मुलाला खरंच किती येतं ते तेव्हा दिसतं.

खुणेच्या शब्दावर आंधळा विश्वास

'येस्टरडे आलं की पास्ट, नाऊ आलं की कंटिन्युअस, सिन्स आलं की परफेक्ट, बाय दिसलं की पॅसिव्ह.' क्लासमध्ये हा मंत्र दिला जातो आणि सुरुवातीला तो उपयोगी पडतोही. पुढे तोच दगा देतो. 'आय नो द आन्सर नाऊ' यात 'नाऊ' आहे, पण 'आय ॲम नोइंग' चालत नाही. 'सिन्स इट वॉज रेनिंग, वी स्टेड ॲट होम' इथे 'सिन्स' म्हणजे 'पासून' नाही, पाऊस पडत होता 'म्हणून' आम्ही घरी थांबलो. 'ही वेंट बाय बस' या वाक्यात 'बाय' आहे, म्हणून ते पॅसिव्ह होत नाही.

खुणेचा शब्द दिसला की त्याखाली रेघ मारायला हरकत नाही. पण पेन टेकवण्याआधी मुलाने वाक्याचा अर्थ मराठीत सांगायला हवा.

मराठी वाक्य मनात, इंग्रजी शब्द कागदावर

व्याकरणातल्या सगळ्यात चिवट चुका इथल्या. त्या मूर्खपणाच्या नसतात. मराठीच्या हिशेबाने त्या अगदी बरोबर असतात, म्हणून तर 'नीट लक्ष दे' म्हणून जात नाहीत. कारण दाखवलं की सुटतात.

'ही डिड नॉट वेंट' घ्या. मराठीत 'तो गेला' आणि 'तो गेला नाही'. नकार आला तरी 'गेला' तसाच राहतो. मग मूल 'वेंट' का बदलेल? इंग्रजीत भूतकाळाचं ओझं 'डिड' उचलतं, त्यामुळे मागचं क्रियापद मोकळं होऊन मूळ रूपात येतं : 'ही डिड नॉट गो'. प्रश्नातही तसंच, 'डिड ही गो?' एवढं एकदा समजावून नकार आणि प्रश्न यांची दहा-बारा वाक्यं तोंडी करून घ्या. नियम पाठ करण्यापेक्षा याचा गुण लवकर येतो.

दुसरी चूक तर मोठ्या माणसांच्या ईमेलमध्येही सापडते : 'येस्टरडे आय हॅड गॉन टू पुणे'. आपण सहज म्हणतो, 'काल मी पुण्याला गेलो होतो', आणि त्यातला 'होतो' 'हॅड' बनून उतरतो. इंग्रजीत एकाच गोष्टीसाठी 'आय वेंट टू पुणे येस्टरडे' पुरतं. 'हॅड' लागतो तो भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधी कोणती झाली हे सांगायला : 'व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट'. मी पोहोचलो नंतर, एसटी सुटली आधी. मुलाला दोन घटना बोटावर मोजायला सांगा. एकच असेल तर 'हॅड' खोडायचा.

'सिन्स टू इयर्स'चंही तसंच. 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून', दोन्हीकडे आपला 'पासून' एकच. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स मंडे', लोटलेला काळ असेल तर 'फॉर टू इयर्स'. शिवाय 'मी इथे दोन वर्षांपासून राहतो' यातला 'राहतो' साधा वर्तमानकाळ दिसतो, म्हणून 'आय लिव्ह' लिहिलं जातं. तिथे 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स' हवं.

दहावीच्या मुलांना 'अनलेस' हमखास फसवतो. 'जोपर्यंत तू अभ्यास करत नाहीस, तोपर्यंत पास होणार नाहीस' यात दोन नकार आहेत, मग इंग्रजीतही दोन येतात : 'अनलेस यू डोन्ट स्टडी, यू विल नॉट पास'. पण 'अनलेस'च्या पोटात एक नकार आधीच आहे. 'अनलेस यू स्टडी' एवढंच लिहायचं.

'तो म्हणाला की मी उद्या येतो.' इथला 'मी' कोण? मराठीत तोच, म्हणणारा. हेच 'ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो' असं लिहिलं, तर इंग्रजीत येणारा माणूस बदलतो, आता लिहिणाराच येणार असं होतं. 'ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे' हे बदल बोर्डाला हवेत म्हणून करायचे नसतात, कोण कधी येणार हे त्यावर ठरतं. असं सांगितलं की रिपोर्टेड स्पीचचा तक्ता अर्धा हलका होतो.

बाकीच्या पटकन सांगतो. 'च्याबद्दल चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट', यातला 'अबाउट' काढा. आपला 'ना?' सगळीकडे चालतो म्हणून प्रत्येक वाक्याला 'इजन्ट इट' लागतो. प्रश्नपुच्छात (क्वेश्चन टॅगमध्ये) आधीच्या वाक्यातलं सहायक क्रियापद आणि कर्ता बघावा लागतो.

वाक्यरूपांतराचा ठोकळा

'रिमूव्ह टू'ची पाच वाक्यं मुलं डोळे मिटून करतात. 'टू'च्या जागी 'सो', पुढे 'दॅट', मग 'कॅनॉट'. आता वाक्य आलं : 'ही वॉज टू टायर्ड टू वॉक'. ठोकळ्यातून बाहेर पडतं 'ही वॉज सो टायर्ड दॅट ही कॅनॉट वॉक'. तो तेव्हा दमला होता, मग चालता येत नाही ते आत्ता कसं? 'कुड नॉट' हवं. 'ॲज सून ॲज'चं 'नो सूनर' करतानाही हेच होतं. 'नो सूनर' पुढे आणला की 'डिड' येतो, आणि मागचं क्रियापद भूतकाळातच राहून जातं. पाठ केलेली चाल वापरू द्या, पण नवं वाक्य मूळ वाक्याशेजारी ठेवून 'दोन्हींचा अर्थ एकच आहे का?' हे विचारल्याशिवाय पुढचं वाक्य नको.

ओळीवर पेन्सिलीने देवनागरी

पाठ्यपुस्तक उघडून बघा. इंग्रजी ओळींच्या डोक्यावर बारीक अक्षरांत देवनागरी उच्चार लिहिलेले असतील, तर मूल इंग्रजी वाचत नाही, मराठी वाचतं. ते खडाखडा वाचतं आणि घरचे खूश होतात. स्पेलिंग मात्र डोळ्यांखालून जातच नाही. देवनागरीत 'वेस्ट' लिहिलं की पश्चिम दिशा, वाया जाणं आणि बनियन तिन्ही एकच दिसतात. इंग्रजीत त्यांची स्पेलिंगं तीन आहेत. (या लेखातली इंग्रजी वाक्यंही देवनागरीत आहेत, पण ती तुमच्यासाठी. मुलाच्या वहीत ती रोमन लिपीतच लिहा.)

अडलेल्या शब्दाचा उच्चार समासात एकदाच लिहू द्या, ओळीवर नाही. दोन दिवसांनी तो खोडायला लावा.

गंमत म्हणजे एका ठिकाणी देवनागरी झकास मदत करते. 'ए, ई, आय, ओ, यू आले की ॲन' हा अर्धवट नियम मुलं घोकतात आणि 'ॲन युनिव्हर्सिटी', 'अ अवर' लिहून बसतात. नियम आवाजाचा आहे, अक्षराचा नाही. शब्द मनात देवनागरीत लिहायचा. सुरुवात स्वराने झाली तर 'ॲन', व्यंजनाने झाली तर 'अ'. तास म्हणजे 'अवर', सुरुवात अ, म्हणून 'ॲन अवर'. 'युनिव्हर्सिटी'ला य, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'वन रुपी कॉइन'ला व, म्हणून 'अ'. 'एमएलए'ला ए, म्हणून 'ॲन'.

एका शब्दाला एकच मराठी अर्थ

रोज दहा शब्द, समोर एकेक अर्थ, रविवारी पाठांतर. 'बेअर म्हणजे अस्वल' पक्कं झालेलं मूल 'आय कान्ट बेअर द हीट' वाचतं आणि उकाड्यात अस्वल कुठून आलं म्हणून चक्रावतं. 'इंटरेस्ट' म्हणजे आवड, मग बँकेच्या उताऱ्यात व्याज कळत नाही.

लिहिताना दुसरी अडचण येते. आपण दिवाही बंद करतो आणि दारही, म्हणून 'क्लोज द लाइट'. चूक करतो आणि गृहपाठही करतो, म्हणून 'डू मिस्टेक'. शब्द त्याच्या सोबत्यासकट उचलायला हवा : 'स्विच ऑफ द लाइट', 'मेक अ मिस्टेक', 'डू होमवर्क'. रोज तीन-चारच शब्द घ्या. शब्द, तो जिथे भेटला ते आख्खं वाक्य, आणि मुलाचं स्वतःचं एक वाक्य, तेही घरातलं, शाळेतलं, शेतातलं. शब्दकोशातलं उतरवलेलं वाक्य धरू नका.

उताऱ्यात शब्द जुळवून ओळ उचलणं

दहावीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली ए-वन ते ए-फाइव्ह अशा कृती असतात, सोप्या माहितीपासून स्वतःच्या मतापर्यंत. शिष्यवृत्ती परीक्षेत तृतीय भाषा इंग्रजीचे 25 प्रश्न 50 गुणांचे, तेही बहुपर्यायी. दोन्हीकडे मुलांची युक्ती एकच : प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ती ओळ उचलायची.

एवढासा उतारा घ्या : 'रवी मिस्ड द फर्स्ट बस. द नेक्स्ट वन वॉज फुल, सो ही वॉक्ड. व्हेन ही रीच्ड स्कूल, द गेट वॉज क्लोज्ड.' प्रश्न : रवी चालत का गेला? बरीच मुलं 'रवी मिस्ड द फर्स्ट बस' लिहितात, कारण प्रश्नात रवी आहे आणि त्या ओळीतही रवी आहे. खरं कारण दुसरी बस भरलेली होती हे. पण तिथे 'बस' शब्दच नाही, 'वन' आहे, आणि रवीऐवजी 'ही'. वन, ही, दे, दिस, दॅट असे शब्द कोणासाठी आलेत हे न कळणं, उतारा न कळण्याचं मोठं कारण आहे. प्रत्येक 'ही'पासून त्याच्या माणसापर्यंत बाण काढायला लावा. पान घाण दिसेल, दिसू द्या.

पुढचा प्रश्न : रवी वेळेवर पोहोचला का? 'उताऱ्यात उत्तरच नाही,' असं मूल म्हणेल. गेट बंद होतं, यावरून काय समजायचं हे त्यालाच बोलू द्या. अशा प्रश्नाचं उत्तर एका ओळीत सापडत नाही, दोन ओळी जोडून मिळतं. गाइडमध्ये उत्तर छापलेलं असतं, जोडणी छापलेली नसते.

स्वतःच्या मताच्या कृतीत 'येस, आय लाइक इट व्हेरी मच' एवढ्यावर भागत नाही. मत एका वाक्यात, कारण दुसऱ्या वाक्यात. छोटी, साधी वाक्यं चालतात. पाठ केलेला भारदस्त परिच्छेद उताऱ्याशी जुळत नाही आणि तपासणाऱ्याला ते लगेच कळतं.

आणि मोठ्याने वाचता येणं म्हणजे समजणं नव्हे. मुलांना वाचता किती येतं हे तपासणाऱ्या 'असर' या सर्वेक्षणाच्या इंग्रजी चाचणीत मुलाने वाक्य वाचलं की त्याचा अर्थही विचारतात, तो उगीच नाही. पाठ्यपुस्तकाबाहेरचं वाचायला प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर पातळीनुसार गोष्टी फुकट आहेत, त्यातल्या अनेक मराठीतही मिळतात. क्रम एवढा सांभाळा : आधी इंग्रजी वाचायची, गोष्ट तोंडी सांगायची, मग मराठी उघडून ताडून बघायची. उलटं केलं की मूल पुन्हा मराठीच वाचतं.

तपासून झालं की वही मिटणं

लाल फुली, शेजारी बरोबर उत्तर, संपलं. पुढच्या आठवड्यात तीच फुली पुन्हा. चुकलेली वाक्यं वेगळ्या वहीत घ्या आणि प्रत्येकीपुढे कारण एका शब्दात लिहा : 'नियम', 'मराठी' किंवा 'घाई'. नियम माहीत नसेल तर धडा उघडायचा. मराठीची ओढ असेल तर दोन्ही भाषांतली वाक्यं एकाखाली एक लिहायची. घाई असेल तर नवीन सराव बंद, आहे तोच सावकाश. आठवड्याने बरोबर उत्तर झाकून ती वाक्यं पुन्हा सोडवायची. तेव्हाही चुकलेली वाक्यं पुढच्या पानावर जातात, सुटलेली तिथेच राहतात.

हे बघायला आईवडिलांना इंग्रजी यायलाच हवं असं नाही. कुठल्याही उत्तरावर बोट ठेवून दोन गोष्टी विचारायच्या : 'हे वाक्य काय सांगतंय?' आणि 'उत्तर कुठल्या शब्दावरून काढलंस?' दुसऱ्या प्रश्नाला 'सरांनी सांगितलं' किंवा 'असंच असतं' असं उत्तर आलं, तर खूण बरोबरची असली तरी ते वाक्य चुकांच्या वहीत लिहायचं.